विडीची तल्लफ आणि सावध मन

विडी सोडूं इच्छिणाऱ्यास बहुधा एकच उपदेश ऐकावयास मिळतो : ‘मन घट्ट करा.’ उपदेश चांगला. परंतु मन घट्ट कसें करावें हें फारसें कोणी सांगत नाहीं. सात-बाराचा उतारा किंवा फेरफाराची नोंद यांसाठीं कचेरीबाहेर तिष्ठत बसलेले शेतकरी बंधु प्रस्तुत लेखकानें नोकरीच्या काळांत पुष्कळ पाहिले. काळजी वाढली कीं हात खिशाकडे जावयाचा. विडीनें चिंता हलकी होते, असा त्यांचा दृढ समज असे.

या समजाचें मूळ पाहूं. झुरका घेतल्यावर दहा ते वीस सेकंदांत निकोटीन मेंदूंत पोंचतें व क्षणभर बरें वाटतें. पुढें सुमारें दोन तासांत रक्तांतील त्याचें प्रमाण निम्म्यावर येतें आणि बेचैनी, चिडचिड, अस्वस्थता सुरू होते. दुसरी विडी ही बेचैनी शमविते. म्हणजे जिला आपण चिंतेवरील उतारा समजतों, ती बव्हंशीं पहिल्या विडीनेंच उत्पन्न केलेली पीडा थांबविते. जुनें व्याज भागविण्यास नवें कर्ज काढावें, तसाच हा व्यवहार होय. धूम्रपान सोडणाऱ्यांची चिंता, उदासीनता व मनाचा ताण हीं न सोडणाऱ्यांच्या मानानें कमी होतात, असें अनेक अभ्यास एकत्र तपासून इंग्लंडमधील संशोधकांनीं २०१४ सालीं दाखविलें आहे.

मात्र आरंभींचे दिवस कठीण जातात. त्रास पहिल्या आठवड्यांत अधिक असतो व साधारणतः दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. प्रत्येक तल्लफ मात्र कांहीं मिनिटांचीच असते. ॲलन मार्लट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें तिला समुद्राच्या लाटेची उपमा दिली आहे. आपण ओढ्याच्या पुराची घेऊं. पूर आला असतां शहाणा गाडीवान पाण्यांत बैल घालीत नाहीं. कांठावर उभा राहून पाणी उतरण्याची वाट पाहतो.

तल्लफ आली कीं हातांतील काम थांबवून स्वस्थ बसावें आणि ‘तल्लफ आली आहे’ असें मनाशीं म्हणावें. मग नाकपुडीशीं येणारा-जाणारा श्वास पाहावा. तो मुद्दाम लांबवूं नये. त्यानंतर तल्लफ शरीरांत कोठें आहे तें पाहावें : घसा सुकला आहे काय? छाती दाटली आहे काय? बोटें चुळबुळतात काय? ती वाढते कीं उतरते, हें नुसतें पाहत राहावें. मन बाजारभावाकडे धांवलें, तर न रागावतां त्यास परत आणावें. तल्लफ नसतांनाहि रोज सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटें हा सराव ठेवावा. खोंड काही पेरणीच्या दिवशींच प्रथम जुंपीत नाहींत.

यासच हल्लीं सजगता म्हणतात. ही कांहीं परकी विद्या नव्हे. इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रांत साधकांस प्रथम शिकविलें जाणारें श्वासाचें निरीक्षण, ‘आनापान’, हें याच जातीचें आहे. अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या ८८ जणांवरील प्रयोगांत, सतराव्या आठवड्याअखेर सजगता शिकलेल्यांपैकीं शेंकडा ३१ जण धूम्रपानमुक्त होते. नेहमींचा पाठ घेतलेल्यांपैकीं शेंकडा ६. तथापि अशा अनेक प्रयोगांची २०२२ सालीं एकत्र छाननी झाली, तेव्हां ही पद्धति इतरांहून सरस असल्याचें निश्चित ठरलें नाहीं. म्हणून हिला एकटीच न योजतां औषधोपचाराची जोड द्यावी. त्याकरितां डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, अथवा १८००-११-२३५६ या सरकारी विनामूल्य दूरध्वनीवर विचारावें. एखादे दिवशीं विडी ओढली गेलीच, तर निश्चय मोडला असें न मानतां पुढच्या तल्लफेपासून पुन्हां आरंभ करावा.

सजगतेनें पाऊस पडत नाहीं कीं सोसायटीचें कर्ज फिटत नाहीं. परंतु दर दोन तासांनीं उठणारी विडीची बेचैनी गेली, म्हणजे खऱ्या काळजीचा विचार करण्यास मन मोकळें राहतें. शेतकऱ्यास आज त्याचीच अधिक गरज आहे.