अर्ध्या शब्दाची पूर्ति

कीर्तनाला बसलेल्या प्रत्येकानें एक गोष्ट पाहिलेली असते. बुवा ध्रुपदाचा अर्धा चरण म्हणून श्वास घेण्याकरितां थांबतात, आणि तोंच मागें उभा असलेला टाळकरी उरलेला अर्धा उचलतो. पण दोन चरणांची सुरुवात सारखीच असली, तर जाणता टाळकरी आपल्या मनाचें कांहीं गात नाहीं; तो बुवांच्या पुढच्या अक्षराची वाट पाहतो. संगणकावर असाच एक टाळकरी गेलीं पन्नासांहून अधिक वर्षें उभा आहे. त्याची आणि त्याला शिकवून तयार करण्याच्या कामाची ओळख आज मी आपल्याला करून देणार आहें.

आपल्यापैकीं बहुतेकांचा संगणकाशीं व्यवहार चित्रांवर बोट ठेवून चालतो. परंतु जे प्रोग्रॅम लिहितात किंवा दूरच्या ठिकाणचीं यंत्रें सांभाळतात, त्यांचें बरेंचसें काम अजून एका साध्या खिडकींत चालतें. त्या खिडकींत चित्र नसतें. एक ओळ असते, आणि तिच्यावर आज्ञा लिहावयाची असते. ही ओळ वाचून, कोणत्या साधनाला बोलवावयाचें तें ठरवून, उरलेले शब्द त्याच्या हवालीं करणाऱ्या प्रोग्रॅमला शेल म्हणतात. आज्ञेंत एक अक्षर चुकलें तरी शेल क्षमा करीत नाहीं. म्हणून लिहिणारा अर्धाच शब्द लिहितो आणि कळफलकाच्या डाव्या बाजूची टॅब नांवाची कळ दाबतो. गिट या प्रसिद्ध साधनाचें उदाहरण घेऊं. प्रोग्रॅमच्या मजकुरांत झालेल्या फेरबदलांची नोंद ठेवण्यासाठीं लिनस टोरवाल्ड्स यांनीं तें २००५ सालीं लिहिलें. ‘गिट’ लिहून पुढें ‘चे’ एवढेंच लिहिलें आणि टॅब दाबली, तर शेल पुढें सरकत नाहीं. कारण चेकआउट, चेरी आणि चेरी-पिक या तिन्ही आज्ञा तेथूनच सुरू होतात. पुन्हां दाबली कीं तो तिन्ही मांडून दाखवितो. आणखी एक ‘क’ लिहून दाबली कीं चेकआउट हा शब्द पुरा झालाच.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेंतील केंब्रिज गांवच्या बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या संस्थेनें १९७० च्या सुमारास पीडीपी-१० या यंत्रासाठीं टेनेक्स नांवाची कार्यप्रणाली तयार केली. तींत एस्केप ही कळ दाबली कीं अर्धी आज्ञा पुरी होई, आणि प्रश्नचिन्ह लिहिलें कीं पुढें काय चालेल तें सांगितलें जाई. केन ग्रीअर यांनीं कार्नेगी मेलन विद्यापीठांत १९७५ सालीं आरंभलेलें काम १९८१ च्या डिसेंबरांत सी-शेलमध्यें मिसळलें, आणि ही सोय युनिक्सवाल्यांच्या हातीं आली. त्या शेलचें नांव टी-सी-शेल. त्यांतला टी हा टेनेक्सचा. पुढें १९८९ सालीं ब्रायन फॉक्स यांचा बॅश आला आणि घरोघर पसरला.

मात्र या सर्वांची विद्या एका ठिकाणीं अडे. शेलला स्वतःला जें ठाऊक, तेवढेंच तो पुरें करी. फोल्डरमधील फायलींचीं नांवें त्याला दिसतात. परंतु चेकआउट या शब्दानंतर गिटला फाइल हवी आहे, कीं शाखेचें नांव हवें आहे, हें त्याला कसें कळावें? तें ज्ञान साधनाच्या पोटांत असतें. २००० सालीं निघालेल्या बॅशच्या २.०४ या आवृत्तीनें यासाठीं एक दार उघडलें.

तें दार असें आहे. साधन लिहिणारा एक छोटी कृति लिहितो आणि शेलला कळवितो, कीं या साधनाच्या ओळींत टॅब दाबली गेली तर हिला विचार. कळ दाबतांच शेल त्या कृतीच्या हातीं कांहीं गोष्टी देतो: ओळीचे सुटे केलेले शब्द, कर्सर त्यांपैकीं कितव्या शब्दावर आहे तो आंकडा, सबंध ओळ, आणि ओळींतील कर्सरची जागा. कृतीनें विचार करून संभवनीय शब्दांची यादी एका ठराविक डब्यांत ठेवावयाची. पुढचें शेल पाहतो. यादी रिकामी असेल तर तो गप्प राहतो. एकच शब्द असेल तर तो पुरा करून पुढें जागा सोडतो. अनेक असतील तर त्या सर्वांना समान असलेल्या आरंभापर्यंतच जातो. येथें एक खोंच लक्षांत ठेवण्यासारखी आहे. डब्यांतील यादीची छाननी बॅश करीत नाहीं. लिहिलेल्या अक्षरांनीं सुरू न होणारा शब्द तेथें ठेवला, तरी तो निमूटपणें स्वीकारतो. छाननी कृतीनेंच करावयाची असते.

हें सारें मीं पुस्तकांत वाचलें होतें. उमगलें तें एका चुकींतून. आमच्या पेठेंतील एका लहानशा सार्वजनिक ग्रंथालयासाठीं मीं ‘ग्रंथ’ नांवाचें साधन लिहून दिलें होतें. शोध, दे, परत, राखीव अशा त्याच्या मराठी आज्ञा. ‘ग्रंथ दे’ असें लिहून पुढें पुस्तकाचें नांव लिहावयाचें. आणि पुस्तकांचीं नांवें लांबलचक असल्यामुळें टॅबवांचून तें साधन वापरणें म्हणजे शिक्षाच. प्रथम मीं कृतींत आज्ञांची यादी हातानेंच लिहिली. पुढें साधनांत ‘मुदतवाढ’ ही आज्ञा घातली आणि यादींत घालावयास विसरलों. दोन महिन्यांनीं ग्रंथपाल बाई म्हणाल्या, “मुदतवाढीची सोय तेवढी करून द्या ना.” यादींत जें दिसत नाहीं तें नाहींच, असा त्यांचा समज झाला होता, आणि त्यांत त्यांचें कांहींच चुकलें नव्हतें.

अशा शिळ्या यादीवर उपाय एकच: यादी साधनालाच विचारावी. गिटची पूर्ति करणारी कृतिहि पर्यायांची नांवें गिटकडूनच विचारून घेते. गो भाषेंतील कोब्रा या संचावर उभारलेल्या साधनांत तर केवळ या प्रश्नासाठीं एक लपलेली आज्ञा ठेवलेली असते. मीं मात्र आळस केला. वेगळें दार न ठेवतां, सर्व पुस्तकें छापून दाखविणारी ‘यादी’ ही आधींचीच आज्ञा मीं टॅबला जोडून दिली. साधन सुरू झालें कीं तें प्रथम थोडी झाडलोट करी: मुदत उलटलेल्या राखीव नोंदी रद्द करी. हें मीं विसरलों होतों.

दिवाळींत ग्रंथालय कांहीं दिवस बंद होतें. परीक्षेच्या मुलांनीं राखून ठेवलेलीं पुस्तकें हातचीं जाऊं नयेत, म्हणून सुटी संपेपर्यंत साधन चालवावयाचेंच नाहीं असें बाईंनीं ठरविलें होतें. मध्येंच एके दिवशीं नव्या मदतनिसाला काम समजावून देण्यासाठीं त्या आल्या. ‘ग्रंथ दे’ लिहिलें, दोन अक्षरें लिहिलीं, टॅब दाबून यादी दाखविली आणि ओळ पुसून टाकली. सुटीनंतर पाहतात तों सतरा राखीव नोंदी नाहींशा झालेल्या. मला दूरध्वनि आला. “अहो, मी एंटर दाबलाच नव्हता!”

बाईंचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. एंटर ही आज्ञा आहे आणि टॅब हा प्रश्न आहे. विचारणाऱ्याला प्रश्न मागें घेतां आला पाहिजे, आणि घेतल्यावर जग होतें तसेंच राहिलें पाहिजे. ही एक अट मान्य केली कीं पूर्तीची कृति कशी लिहावी याचे बहुतेक नियम आपोआप निघतात. प्रश्नासाठीं साधनाचें दार वेगळें असावें, आणि त्या दारानें आंत गेल्यावर लिहिण्याची वही उघडूंच नये. पडद्यावर एकहि अक्षर उमटवूं नये, कारण लिहिणाऱ्याची अर्धी ओळ तेथें उभी असते. परवलीचा शब्द मागूं नये. आंत बिघाड झाला तर तक्रार न करतां रिकामी यादी परत द्यावी.

वेळेचें बंधनहि यांतूनच येतें. उत्तर येईपर्यंत शेल थांबून राहतो, आणि पूर्तीसाठीं दूरच्या यंत्राला विचारावें लागलें तर हा विलंब बोटांना जाचतो. जवळ उत्तरांची प्रत ठेवावी तर ती शिळी होण्याचें भय. पुस्तकांच्या यादीची प्रत मीं ठेवली, राखीव नोंदींची ठेवली नाहीं. एवढाच विवेक मला सुचला. शेंकडों साधनांच्या कृति शेल सुरू होतांनाच वाचल्या तर खिडकी उघडण्यासच उशीर होतो. त्यावर बॅशमध्यें एक गमतीची युक्ति आहे. एक सामान्य कृति दाराशीं उभी असते. अनोळखी साधनापुढें प्रथमच टॅब दाबली, कीं ती त्या साधनाची कृति शोधून वाचते आणि १२४ हा आंकडा परत करते. त्या आंकड्याचा संकेत असा: मी शिकून आलें, प्रश्न पुन्हां विचार.

प्रश्नाची आज्ञा होऊन बसण्याचा आणखी एक मार्ग आहे, आणि तो माझ्या झाडलोटीहून घातक आहे. शब्दांच्या यादींतून अर्ध्या शब्दाशीं जुळणारे निवडण्यासाठीं बॅशमध्यें कॉम्पजेन नांवाची आज्ञा आहे, आणि तिला यादी द्यावयाचा सर्वांत सोपा पर्याय कित्येक नमुन्यांत आढळतो. पण हा पर्याय यादींतील प्रत्येक शब्द शेलच्या नेहमींच्या रीतीनें पुन्हां उलगडतो. डॉलरचें चिन्ह आणि कंसांत एखादी आज्ञा, असें जर कोणीं फायलीचें किंवा पुस्तकाचें नांव ठेवलें, तर उलगडतांना ती आज्ञा चालते! नांवें आपण स्वतः ठेवलेलीं असतील तोंवर हा दोष दिसत नाहीं. परक्याकडून आलेलीं नांवें मात्र एकेक ओळ वाचून, आपणच अक्षरांशीं ताडून डब्यांत ठेवावीं.

ओळ म्हणण्याचें कारण असें, कीं पुस्तकांच्या नांवांत मोकळी जागा असते. जागेवरून तुकडे पाडले तर एका ग्रंथाचे तीन ग्रंथ होतात. द्विबिंदूनें मला याहून अधिक छळलें. बॅश त्या चिन्हापाशीं शब्द तोडतो. ‘इतिहास: खंड दुसरा’ यांत द्विबिंदूच्या पुढचा भागच त्याला चालू शब्द वाटतो, आणि सबंध नांव परत दिलें तर आरंभ दोनदां उमटतो.

आतां थोडें आपल्या लिपीविषयीं. बाईंनीं एकदां ‘वऱ्हाड’ हा शब्द अर्धा लिहून टॅब दाबली आणि शेल गप्प राहिला. पुस्तक समोर कपाटांत होतें, नोंदवहींतहि होतें. शोध घेतां कळलें, कीं ह्या शब्दांतला अर्धा ‘ऱ’ संगणकांत तीन तऱ्हांनीं सांठवितां येतो: त्याच्या स्वतंत्र संकेतानें, साध्या ‘र’ खालीं नुक्ता देऊन, किंवा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य सांधा मिळून. (तऱ्हा या शब्दांतहि तेंच अक्षर आहे.) डोळ्यांना तिन्ही एकच दिसतात, यंत्राला तीं तीन भिन्न नांवें वाटतात. म्हणून ताडून पाहण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे शब्द एकाच सांच्यांत ओतावे लागतात. युनिकोडनें त्यासाठीं ठरविलेल्या नियमांनीं पहिल्या दोन तऱ्हा एक होतात. तिसरीसाठीं मला वेगळा नियम हातानें लिहावा लागला. बॅश छाननी करीत नाहीं हें मघांशीं सांगितलें, तें येथें उपयोगीं पडलें. बाईंनीं कोणत्याहि तऱ्हेनें लिहिलें तरी, पुस्तक एकच जुळत असेल तर नोंदवहींतील रूप त्या जागीं येऊन बसतें.

हा सर्व उद्योग एका बॅशसाठीं झाला. झेड-शेलची रीत निराळी, तो प्रत्येक शब्दापुढें त्याचा अर्थहि दाखवितो. २००५ सालीं निघालेल्या फिशची आणखी निराळी. त्यांच्यासाठीं वेगळ्या कृति लिहाव्या लागतात, आणि म्हणूनच खरी विद्या साधनांत ठेवून शेलची कृति चार ओळींची राखणें शहाणपणाचें.

साधनांत कोणताहि फेरबदल केला कीं मी आतां एक परीक्षा घेतों. नोंदवहीच्या फाइलीची प्रत बाजूला काढून ठेवतों, प्रत्येक आज्ञेपुढें टॅबचा प्रश्न शंभर वेळां विचारवितों, आणि नंतर दोन्ही फायली ताडून पाहतों. एका अक्षराचाहि फरक पडतां कामा नये. बाई मात्र पुढें कित्येक महिने टॅब दाबण्यापूर्वी मला विचारीत असत. परवां मी गेलों तेव्हां त्या वऱ्हाडाविषयींचेंच एक पुस्तक काढीत होत्या. दोन अक्षरें लिहिलीं, टॅब दाबली, यादीकडे पाहिलें, आणि ओळ पुसून टाकून त्या कपाटाकडे गेल्या.