आधी माणूस हटवा, मग उतारा काढा

माराबा (पारा राज्य, ब्राझील)

माराबातून दक्षिणेकडे निघालं की रस्त्यावर गुरांचे ट्रक लागतात. फळ्यांच्या फटींतून डोकावणारी पांढरीशुभ्र, वशिंडाची जनावरं पाहून आपल्याकडचा माणूस चमकतो. ही जात मुळात आपल्या आंध्रातली, ओंगोलची. नेल्लोरच्या नावावरून इथे तिला ‘नेलोरे’ म्हणतात. ब्राझीलमध्ये आज माणसांपेक्षा गुरं जास्त आहेत, २० कोटींच्या पुढे, आणि मांसासाठी पाळलेली बहुतेक याच वाणाची. महाराष्ट्राच्या चौपट आकाराच्या या पारा राज्यात त्यांच्यासाठी कुरणं कुठून आली हे कळलं, की जमिनीच्या भांडणात इथे दरवर्षी माणसं का मारली जातात हेही कळतं.

अॅमेझॉनच्या खोऱ्यात कायदा पोचत नाही, म्हणून बंदूक चालते, असा बाहेरच्यांचा समज असतो. जवळून पाहिलं तर बंदूक चालते ती कायदेशीर कागद मिळवण्यासाठी. रीत अशी: सरकारी जंगल हेरायचं, भारी लाकूड काढून विकायचं, उरलेलं कोरड्या दिवसांत पेटवायचं, राखेत गवताचं बी टाकायचं आणि गुरं सोडायची. मग ऑनलाइन पर्यावरण नोंदणी करायची. २०१२च्या वन कायद्याने आणलेली ही नोंद ताबेदार स्वतःच भरतो. तिने मालकी सिद्ध होत नाही, पण चारचौघांत फडकवायला एक कागद हाती येतो. पुढचा टप्पा ‘कार्तोरियो’चा. इथे तलाठी नाही की सातबारा नाही. जमिनीचे व्यवहार खासगी हातांत चालणाऱ्या या नोंदणी कचेऱ्यांत चढतात. एकाच जागेवर दोन-तीन मालक निघाले तर कोणी भुवई उंचावत नाही. पारात कार्लोस मेदेइरोस या नावावर एक कोटी हेक्टरच्या घरात जमीन निघाली, म्हणजे महाराष्ट्राचा जवळजवळ तिसरा हिस्सा. असा माणूस अस्तित्वातच नव्हता. अखेर २०१०मध्ये राष्ट्रीय न्याय परिषदेने या राज्यातले पाच हजारांहून अधिक दस्त रद्द केले.

अडचण एवढीच, की त्या जमिनीवर माणसं असतात. आदिवासी असतात, पळून आलेल्या गुलामांच्या वंशजांची गावं असतात, ब्राझील नट वेचून जगणारी कुटुंबं असतात. शिवाय १९७०च्या दशकात लष्करी राजवटीने जंगलातून महामार्ग काढला आणि दुष्काळी ईशान्येकडून भूमिहीनांना आणून त्याच्या दुतर्फा बसवलं, ते शेतकरीही आहेत. या सगळ्यांकडे वहिवाट असते, कागद बहुधा नसतो. ज्याला कागद करायचा आहे त्याच्या वाटेत हेच आडवे येतात.

गोळी सगळ्यात शेवटी येते. आधी निरोप येतो: जमीन आमची आहे, मिळेल तो भाव घ्या आणि निघा. मग कुंपण ओढ्यापर्यंत सरकतं. मोटारसायकलवरून दोन अनोळखी इसम घरासमोरून सावकाश जातात, दुसऱ्या दिवशी पुन्हा जातात. राखणीचा कुत्रा मरून पडतो. कसाव्याचं पीठ भाजायची शेड जळते. ‘सुरक्षा कंपनी’च्या नावाखाली बंदूकधारी फाटकावर येऊन बसतात. कुठे विमानातून तणनाशक फवारतात आणि उभं पीक करपतं. आणि मग मारायच्या माणसांच्या नावांची यादी फिरायला लागते. पुष्कळ कुटुंबं तिथवर थांबतच नाहीत. जमीन मातीमोल भावात सोडून शहराच्या कडेला झोपडी बांधतात. खुनांच्या आकड्यांत ती कुठेच येत नाहीत.

खुनांचा हिशेब सरकार ठेवत नाही, तो कॅथलिक चर्चच्या आधाराने १९७५मध्ये निघालेला भूमी आयोग ठेवतो. १९८५पासून तो दरवर्षी पुस्तक काढतो. त्यात २०१७ साली ७१ खून आहेत. २०२३ साली ३१ खून आणि जमीन, पाणी व मजुरीवरून २,२०३ संघर्ष. २०२४ साली खून १३वर आले, पण संघर्ष २,१८५. खून निम्म्याहून कमी झाले आणि संघर्ष होते तिथेच राहिले, याचा अर्थ शांतता आली असा घ्यायचं कारण नाही. धाक पुरेसा बसलेला असला की गोळी खर्च करावी लागत नाही.

तो धाक बसतो कशाने? नोव्हेंबर २०१०मध्ये झोजे क्लाउदियो रिबेइरो दा सिल्वा या नट वेचणाऱ्याने मनाउसच्या एका व्यासपीठावर उभं राहून सांगितलं होतं, की लाकूडचोरांची नावं घेतो म्हणून मला कधीही गोळी लागू शकते. २४ मे २०११ रोजी माराबाजवळच्या नोवा इपिशुनात, एका पुलापाशी, तो आणि त्याची बायको मारिया दोघांनाही मारलं. मारेकऱ्यांनी त्याचा कान कापून नेला. सुपारी घेणाऱ्याला काम झाल्याचा पुरावा दाखवावा लागतो. त्याच दिवशी देशाच्या राजधानीत, ब्राझिलियात, वन कायदा सैल करणाऱ्या विधेयकावर मतदान होतं. ही बातमी सभागृहात वाचून दाखवली, तेव्हा प्रेक्षकांच्या सज्जातून हुर्यो उठली.

माराबापासून दीडेक तासाच्या अंतरावर एल्दोरादो दुस कराजास. १७ एप्रिल १९९६ रोजी एका पडीक फार्मची मागणी घेऊन भूमिहीन चळवळीची हजारो माणसं राज्याच्या राजधानीकडे, बेलेंकडे, चालत निघाली होती. इंग्रजी एस अक्षरासारख्या वळणावर राज्य पोलिसांनी दोन्ही बाजूंनी येऊन गोळीबार केला. १९ जण जागीच ठार झाले. काहींना तर ताब्यात घेतल्यावर मारलं. आज त्या वळणावर ब्राझील नटच्या झाडांची जळकी खोडं रोवून स्मारक उभं केलं आहे. दीडशेवर पोलिसांपैकी दोघा अधिकाऱ्यांची शिक्षा टिकली आणि ते तुरुंगात गेले २०१२मध्ये. मागितलेली जमीन मात्र सरकारने नंतर दिली, तिथे आता ‘१७ एप्रिल’ नावाची वसाहत आहे. देता येत होती, तर आधी का दिली नाही, हा प्रश्न तिथे कोणाला विचारावा लागत नाही.

सूत्रधार सहसा सापडत नाही. भूमी आयोगाने १९८५पासूनच्या पहिल्या पंचवीस वर्षांत पंधराशेहून अधिक खून नोंदवले. खटला उभा राहिला तो शंभरही प्रकरणांत नाही. अपवाद म्हणून सिस्टर डोरोथी स्टँग यांचं नाव घेतात. अमेरिकेत जन्मलेल्या, ब्राझीलचं नागरिकत्व घेतलेल्या ७३ वर्षांच्या या जोगिणीला १२ फेब्रुवारी २००५ रोजी अनापूच्या जंगलवाटेवर सहा गोळ्या घातल्या. हत्यार आहे का, असं मारेकऱ्यांनी विचारल्यावर तिने पिशवीतून बायबल काढलं होतं. जगभर बोभाटा झाला, म्हणून सुपारी देणाऱ्या दोघा जमीनदारांना ३० वर्षांची शिक्षा लागली. पण अनापूतले खून थांबले नाहीत, आणि तिचं काम पुढे नेणाऱ्या पाद्र्याला २०१८मध्ये तीन महिने तुरुंगात काढावे लागले. फौजदारी खटला हेही आता धमकीचंच साधन झालं आहे.

दुसरी बाजू ‘फझेंदेरों’ची, म्हणजे मोठ्या पशुपालक जमीनदारांची. त्यांचं म्हणणं असं: सरकारनेच करसवलती देऊन आम्हाला इथे बोलावलं, जंगल तोडणं ही तेव्हा देशसेवा होती, आणि आता आम्हालाच चोर ठरवता. त्यात तथ्य आहे. पण देशात जमीन मोजक्या हातांत जाण्याची सुरुवात त्याच्याही आधीची. सप्टेंबर १८५०मध्ये ब्राझीलने गुलामांचा व्यापार बंद केला आणि दोनच आठवड्यांत कायदा केला, की यापुढे सरकारी जमीन विकत घेऊनच मिळेल, कसून नाही. उद्या मोकळे होणारे हात मालक होऊ नयेत याची तजवीज आधीच झाली. २०१७च्या कृषी गणनेत हजार हेक्टरांवरचे फार्म एकूण संख्येच्या एक टक्का आहेत आणि शेतजमीन त्यांच्याकडे ४७ टक्क्यांहून जास्त. जमिनीने समाजाच्या उपयोगी पडलं पाहिजे, नाहीतर सरकार ती घेऊन वाटेल, असं १९८८ची राज्यघटना सांगते. त्या कलमाला धरून भूमिहीन पडीक जमिनीत राहुट्या ठोकतात, आणि तिथूनच पुढच्या गोळीबाराची गोष्ट सुरू होते.

खरी मेख तारखेत आहे. सरकारी जमिनीवरचे जुने कब्जे नियमित करणाऱ्या २००९च्या कायद्यात मुदत होती १ डिसेंबर २००४. त्यानंतर घुसलेल्याला हक्क नाही. २०१७मध्ये ती २००८पर्यंत आणली. २०१९मध्ये वटहुकूम काढून आणखी पुढे नेण्याचा घाट घातला, पण संसदेची मंजुरी वेळेत न मिळाल्याने तो बारगळला. प्रयत्न सुरूच राहतील, कारण प्रत्येक जंगलतोड्या आजच्या कायद्यावर नाही, उद्याच्या माफीवर पैज लावून कुऱ्हाड उचलतो. ही पैज दोनदा जिंकली गेली आहे. मारेकरी पकडणं, धोक्यातल्या माणसाला पोलीस संरक्षण देणं हे सगळं हवंच; सरकारने २००४पासून त्याची योजनाही चालवली आहे. पण संसदेने तारीख पुन्हा सरकवली तर फाटकावर बसलेल्या बंदूकधाऱ्याचा पगार वसूल होतो, आणि नाही सरकवली तर त्याला पोसणं परवडत नाही. पारातल्या पुढच्या खुनांची संख्या माराबाच्या ठाण्यापेक्षा ब्राझिलियाच्या सभागृहात जास्त ठरते.