नोंदणी विवाह : नोटिशीचा महिना

विशेष विवाह कायदा, १९५४ नुसार लग्न करताना वराला २१ आणि वधूला १८ वर्षे पूर्ण हवीत. जात वा धर्म आड येत नाही. दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात सलग ३० दिवस वास्तव्य झाले, की विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस देता येते. ती कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावली जाते. खरी धास्ती याच कागदाची, कारण घरच्यांपासून लपवलेले लग्न इथेच फुटू शकते. ३० दिवसांत ग्राह्य हरकत आली नाही, तर तीन साक्षीदारांसमोर सह्या होतात. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न लागले नाही, तर ती बाद ठरते. हॉल आणि केटररच्या तारखा म्हणूनच नोटिशीनंतर पक्क्या केलेल्या बऱ्या. जादा शुल्क भरल्यास विवाह अधिकारी जवळच्या हॉलवरही येऊन लग्न लावू शकतो.