माफीचा साक्षीदार आणि पुष्टीचा पुरावा



संप चिघळून मारामारी झाली, पाचपंचवीस कामगार पकडले गेले, की आमच्या चिखलीत पहिला प्रश्न निघतो तो असा : "त्यांतला कोणी फुटला काय?" फुटलेला म्हणजे माफीचा साक्षीदार. तो स्वतः गुन्ह्यात सामील असतो आणि सर्व खरे सांगण्याच्या अटीवर न्यायालय त्याला माफी देते. मग त्याच्या एकट्याच्या शब्दावर दुसऱ्याने तुरुंगात जावयाचे काय?

१८७२ च्या पुरावा कायद्यात यावर दोन वचने होती. कलम १३३ सांगे, साथीदाराची साक्ष चालते. तिला पुष्टी नाही एवढ्यावरून शिक्षा बेकायदा ठरत नाही. कलम ११४ खालील उदाहरण सांगे, महत्त्वाच्या बाबतींत पुष्टी मिळाल्यावाचून असा माणूस विश्वासास अपात्र मानता येईल. न्यायालयांनी दोहोंचा मेळ घातला : कायद्याची आडकाठी नाही, पण शहाणपण पुष्टी मागते. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३८ मध्ये तर 'पुष्टी मिळालेली' साक्ष असेच शब्द आहेत.

एवढी सावधगिरी कशासाठी? साथीदार प्रत्यक्ष हजर असतो, म्हणून त्याची हकीकत बहुतेक खरीच असते. त्या खऱ्या हकीकतीत एक खोटे नाव घुसडणे त्याला अवघड नाही. म्हणून गुन्हा घडला एवढ्याची पुष्टी पुरत नाही. त्या त्या आरोपीला गुन्ह्याशी जोडणारा स्वतंत्र पुरावा लागतो. कारखान्यात जॉब काढणाराच तो पास करीत नाही. तपासनीस आपल्या गेजने मोजतो, तसेच हे.

गांधीजींच्या खुनाचा खटला पाहा. पुण्याचे शस्त्रविक्रेते दिगंबर बडगे यांना जून १९४८ मध्ये माफी मिळाली. १७ जानेवारी रोजी गोडसे व आपटे यांच्यासह आपण मुंबईस सावरकर सदनात गेलो आणि निघताना सावरकर "यशस्वी होऊन या" म्हणाले, असे त्यांनी सांगितले. न्यायाधीश आत्माचरण यांना बडगे खरे बोलणारे साक्षीदार वाटले. तरीही शिवाजी पार्कपर्यंतच्या प्रवासाला टॅक्सीवाल्याची पुष्टी होती, घरातील बोलण्याला नव्हती. १० फेब्रुवारी १९४९ रोजी सावरकर निर्दोष सुटले. ज्यांच्याविरुद्ध इतर पुरावा होता त्यांना शिक्षा झाल्या. साक्षीदार एकच, पण प्रत्येक आरोपीचे माप वेगळे घेतले गेले.

पुढे १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सर्वणसिंगच्या खटल्यात न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी दुहेरी कसोटी घालून दिली. आधी साक्षीदार मुळात विश्वासार्ह आहे काय, हे पाहावे. तो तसा असला तरच पुष्टीकडे वळावे. औद्योगिक कलहांच्या निवाड्यांमुळे कामगारांना परिचित असलेल्या न्यायमूर्तींचेच हे नाव आहे.

या नियमाने कधी खरा गुन्हेगारही सुटेल, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु सुटकेसाठी दुसऱ्याचे नाव घेण्याची पाळी कोणावर येईल आणि ते नाव कोणाचे असेल, हे आधी कोणालाच ठाऊक नसते. म्हणून "तो फुटला, आता संपले" असे म्हणून घाबरू नये व आपल्या माणसाला वाळीतही टाकू नये. त्याच्या शब्दाखेरीज आणखी काय आहे, एवढे वकिलाला विचारावे.