पाऊस लागायच्या आधीची आंबोली

आंबोली म्हटलं की धबधबा आठवतो, आणि धबधब्याखाली अडकून पडलेल्या गाड्यांची रांग. सावंतवाडीहून दाणोली मागे टाकून वर चढणारा हाच घाटरस्ता एप्रिलमधल्या पहाटे मात्र जवळजवळ मोकळा असतो. सुमारे ६९० मीटर उंचीवरचं हे गाव पावसासाठी प्रसिद्ध. पक्षी बघायचे तर पाऊस लागायच्या आतच यावं.

पुरतं उजाडलेलं नसतानाच दरीतून शीळ येते. नवख्याला वाटतं, कुणी गुराखी असावा. सूर धरायचा, मध्येच सोडायचा, पुन्हा भलतीकडूनच उचलायचा, असा हा शीळकरी कस्तूराचा कारभार. ओढ्याकाठच्या कपारीत घरटं करणारा हा काळा-निळा पक्षी उन्हाळा चढू लागला की गळा मोकळा करतो.

वळणावर राखी रानकोंबडा पाचोळा उकरताना दिसतो. त्याच्या मानेवरच्या पिवळसर, मेणचट ठिपक्यांच्या पिसांना विलायतेत मासे गळाला लावणाऱ्या शौकिनांची मोठी मागणी असे. बिचाऱ्याची मान त्यापायी कितीदा गेली असेल!

ओढे आटल्यावर पक्षी उरलेल्या पाण्याकडे वळतात, म्हणून हिरण्यकेशीच्या उगमाकडची वाट चुकवू नये. इथल्या मंदिराच्या कुंडातला छोटा मासा २०२० मध्ये विज्ञानाला नवा म्हणून नोंदला गेला आणि पुढच्याच वर्षी ही जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरली. काठावरच्या अंजनीला जांभळा बहर असतो, झाडीत कुटुर्ग्याचा एकसुरी घोष चाललेला असतो.

ऊन वर आलं की खवचट हसल्यासारखा आवाज येतो. तो मलबारी राखी धनेश. शिंग नसलेला, पश्चिम घाटाबाहेर न आढळणारा. विणीच्या काळात मादी झाडाच्या ढोलीत शिरून दार लिंपून घेते, चोच मावेल एवढी फट ठेवते. नर फळं गळ्यात साठवून आणतो, फांदीवर बसून एकेक वर काढतो आणि चोचीच्या टोकाने आत सरकवतो. उंबराची, वडाची, मध्येच एखादा सरडाही. आत मादीची पिसं झडलेली असतात. तिची सगळी भिस्त या फेऱ्यांवर.

ढोली सापडलीच तर लांबूनच दुर्बीण लावावी. बुंध्याशी माणसं दिसली की नर चारा घेऊन बाजूच्या झाडावर ताटकळतो आणि आत मादी-पिल्लं उपाशी राहतात. एवढं कळूनही काही कॅमेरेवाले थेट झाडाखालीच तिपाई रोवतात.