फौजेतून परतलेला माणूस आणि आपली पोरं



१ जून ते ३१ जुलै ही बंदी म्हणजे जाळी शिवायची, इंजिन खोलायचं, होडीला रंग काढायचा काळ. पण सोळा ते बावीस वयाच्या कितीतरी पोरांच्या हाताला त्या दोन महिन्यांत काहीच काम नसतं. शाळा सुटलेली, बोटीवर जायचं मन नाही, नोकरी लागलेली नाही. मग जेटीच्या मागे बैठक, मोबाईलवर पैशाचे खेळ, पुढे दारू आणि त्याहून वाईट. २०२३ च्या ऑगस्टात दापोलीच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटं वाहत आली होती, हे सगळ्यांना आठवत असेल. दर्या काय आणून टाकील याचा नेम नाही, आणि रिकामं पोर काय उचलील याचाही नाही.

या पोरांना वळण लावायचं कुणी? बाप दर्यावर, आई मासळीच्या पाटीमागे. आमचं म्हणणं, आपल्याच वाड्यांत एक माणूस आहे ज्याला आपण विसरलो : नौदल, तटरक्षक दल नाहीतर लष्करातून निवृत्त होऊन आलेला माणूस.

आधी जरा लांबचं सांगतो. ग्वाल्हेर आपल्याला शिंद्यांमुळे ठाऊक. त्याला लागून मुरैना, भिंड, चंबळचं खोरं. एके काळी बागी लोकांचा मुलूख आणि तितकाच फौजींचाही. आजही तिथली पोरं पहाटे रस्त्यावर भरतीसाठी धावताना दिसतात, आणि गावचा निवृत्त फौजी त्यांना धावायचं कसं, कागदपत्रं कशी नीट ठेवायची, हे सांगतो. पण प्रत्येक पोराजवळ असा माणूस नसतो. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली, तेव्हा ग्वाल्हेरच्या बिर्लानगर स्टेशनवर संतापलेल्या पोरांनी तोडफोड केली. काही दिवसांतच लष्कराने सांगून टाकलं : भरतीला येणाऱ्याने हिंसाचारात नव्हतो असं लिहून द्यायचं, पोलीस तपासणी होणार, गुन्हा नोंद असेल त्याला प्रवेश नाही. म्हणजे ज्या वर्दीसाठी वर्षानुवर्षं घाम गाळला, तिचं दार एका दिवसाच्या रागात बंद. अशा वेळी खांद्यावर हात ठेवून "थांब रे, केस लागली तर आयुष्य गेलं" असं म्हणणारा एक जाणता माणूस लागतो.

त्याच मुरैन्याचा पानसिंग तोमर. लष्करात सुभेदार, स्टीपलचेस शर्यतीत सात वेळा राष्ट्रीय विजेता. निवृत्त होऊन गावी आला, जमिनीच्या भांडणात अडकला, बागी झाला आणि १९८१ मध्ये पोलीस चकमकीत मारला गेला. म्हणजे वर्दी उतरवून आलेल्या माणसालाही गावाने धरून ठेवावं लागतं. त्याला काम आणि मान दिला तर तो पोरांना सावरतो. एकटा टाकला तर तोच वाहवत जाऊ शकतो.

गावाने धरलं तर काय होतं, ते आपल्या महाराष्ट्रात राळेगणसिद्धीने दाखवलं. अण्णा हजारे लष्करात ड्रायव्हर होते. १९६५ च्या युद्धात खेमकरणला वाचले, १९७५ मध्ये निवृत्ती घेऊन गावी आले. गाव तेव्हा दुष्काळी आणि दारूच्या भट्ट्यांचं. त्यांनी आधी स्वतःच्या पैशाने यादवबाबांचं देऊळ दुरुस्त केलं, मग तरुणांना एकत्र करून तरुण मंडळ उभं केलं. भट्ट्या बंद झाल्या, श्रमदानातून पाणी अडलं. पुढे गावात शाळा निघाली, तिच्यात बाहेर नापास झालेल्या पोरांना मुद्दाम घेतलं. पोर नापास झालं म्हणून वाया गेलं असं त्यांनी मानलं नाही, हे आम्हाला सगळ्यात मोठं वाटतं.

एक गोष्ट मात्र घ्यायची नाही. सुरुवातीला दारुड्यांना खांबाला बांधून मारल्याचं अण्णांनी स्वतःच सांगितलं आहे. ते आज कायद्यात बसत नाही आणि आम्हाला पटतही नाही. मारामुळे पोर घाबरतं, सुधारत नाही.

आता आपलं. येत्या बंदीत आपल्या संस्थेच्या हॉलवर आठवड्यातून तीन दिवस दोन-दोन तास पोरांना बसवावं असं आम्ही म्हणतो. सकाळी धावणं-पोहणं. त्यानंतर वायरलेसवर कसं बोलायचं, जीपीएस कसं वाचायचं, लाइफ जॅकेट कसं घालायचं, संशयास्पद बोट किंवा पाकीट दिसलं तर हात न लावता तटरक्षक दलाला १५५४ वर किंवा सागरी पोलिसांना १०९३ वर कसं कळवायचं. ज्याला भरतीला जायचंय त्याला फॉर्म भरून द्यायचा. ज्याला बोटीवरच राहायचंय त्याला चांगला तांडेल करायचा. दोन्ही वाटा सारख्याच मानाच्या.

अटी तीनच : पोरांवर हात उगारायचा नाही, पालकांना सांगितल्याशिवाय पोराला कुठे न्यायचं नाही, आणि कुणाकडून एक रुपया घ्यायचा नाही.

आणखी एक. पहिल्या अग्निवीरांची चार वर्षं २०२६ अखेर पुरी होऊ लागतात. चारातला एकच कायम होणार, बाकीचे घरी येणार. तरुण, शिकलेले, कसलेले. उद्या आपल्या वाड्यांतही असे येतील. त्यांना "परत आला रे" म्हणून हिणवू नका. या कामाला जोडून घ्या, पानसिंगसारखं एकटं पडू देऊ नका.

नाखवा मंडळींना विनंती. खलाशी मिळत नाहीत म्हणून आपण बाहेरून माणसं आणतो, आणि आपलीच पोरं जेटीवर बसून असतात. या शिबिरात नियमित आलेल्या पोराला हंगामाच्या सुरुवातीला आपल्या बोटीवर एक संधी द्या. नारळी पौर्णिमेला नारळ सोडताना सोबत एक नवा पोरगा उभा असू दे.

आपल्या घरात, शेजारी कुणी माजी सैनिक असतील तर त्यांना हे वाचून दाखवा आणि कार्यालयात नाव द्यायला सांगा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही आम्ही चौकशी करतोय. आयांनो, पोराचं नाव तुम्हीच आणून द्या. पोर स्वतःहून येणार नाही, हे आपल्याला माहीत आहे.

आपला,
सचिव