ऑपरेशन वडिलांचं, तयारी मुलांची

यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ उटी नावाचं गाव आहे. तिथे जन्मलेले आत्माराम गावंडे अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मूत्ररोगांचे सर्जन झाले. पुढे उमरखेडला त्यांनी आईच्या नावाने महाविद्यालयही उभं केलं. सत्तरीनंतर मानदुखीने त्यांना हैराण केलं आणि एमआरआयमध्ये मज्जारज्जूत गाठ दिसली. पत्नी बालरोगतज्ज्ञ, मुलगा अतुल बोस्टनमधला नामवंत सर्जन. घरात तीन डॉक्टर, तरीही निर्णय इतर कुठल्याही घराइतकाच अवघड गेला. अतुल गावंडे यांनी 2014 साली ‘बीइंग मॉर्टल’ या पुस्तकात ती हकिगत लिहिली आहे.

एका सर्जनचं म्हणणं होतं, ऑपरेशन लगेच करा. जास्त प्रश्न विचारलेले त्यांना रुचले नाहीत. क्लीव्हलंड क्लिनिकच्या डॉ. एडवर्ड बेंझेल यांनी मात्र प्रत्येक शंकेला उत्तर दिलं आणि गाठ सावकाश वाढत असावी, थांबून पाहता येईल, असं सांगितलं. आत्माराम थांबले. पुढची काही वर्षं त्यांनी काम केलं, टेनिस खेळले, रोटरीची जबाबदारी सांभाळली. हातापायांतली ताकद जाऊ लागली तेव्हा ऑपरेशन टळण्यासारखं राहिलं नाही.

त्याआधी मुलाने वडिलांना समोर बसून विचारलं : तुम्हाला भीती कशाची वाटते? कशासाठी काय सोसायची तयारी आहे? मानेखालचं सगळं शरीर लुळं पडण्याची धास्ती वडिलांना मरणापेक्षा जास्त होती.

ऑपरेशन सुरू असताना बेंझेल बाहेर आले. हृदयाचे ठोके अनियमित झाले होते, रक्तदाब घसरला होता. इथेच थांबायचं की पुढे जायचं? अतुलनी एकच प्रश्न विचारला : शरीर लुळं पडण्याचा धोका कशात जास्त? थांबण्यात, असं उत्तर आलं. मग पुढे जा, असं कुटुंबाने सांगितलं. आत्माराम त्यातून सावरले. 2011 मध्ये त्यांचं निधन झालं.

असे प्रश्न विचारायला अतुल शिकले ते डॉ. सुझन ब्लॉक यांच्याकडून. असाध्य आजारांच्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या या डॉक्टरांच्या वडिलांनाही मानेत गाठ झाली होती. चॉकलेट आइस्क्रीम खाता आलं आणि टीव्हीवर फुटबॉल पाहता आला तर आपल्याला जगायचं आहे, असं त्यांनी ऑपरेशनच्या आधी लेकीला सांगून ठेवलं. ऑपरेशननंतर रक्तस्राव झाला आणि पुन्हा ऑपरेशन करायचं का, हे मिनिटांत ठरवायची वेळ आली, तेव्हा लेकीने सर्जनना नेमकं हेच विचारलं. दोन्ही जमेल, असं कळल्यावर तिने होकार दिला. ते पुढे दहा वर्षं जगले.

आपल्याकडे नेमकं याच्या उलट घडताना दिसतं. ‘बाबांना काही सांगू नका, घाबरतील,’ असं म्हणत मुलं फाइल पाठीमागे धरतात आणि सही स्वतःच करायला निघतात. कायदा काय सांगतो? दिल्लीच्या एका खटल्यात रुग्ण तपासणीसाठी भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन मोठी शस्त्रक्रिया करण्यात आली होती. 16 जानेवारी 2008 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती संमती ग्राह्य धरली नाही. जिवावरचं तातडीचं संकट नसेल, तर शुद्धीवर असताना निर्णय घेऊ शकणाऱ्या सज्ञान माणसाची संमती त्याच्याकडूनच घ्यायला हवी. वय सत्तर झालं म्हणून हा हक्क मुलांकडे जात नाही.

मुलांच्या वाट्याला येतं ते वेगळं काम. घरातल्या माणसालाच ठाऊक असलेल्या गोष्टी डॉक्टरांपर्यंत पोचवायच्या. यात पहिली येते औषधांची यादी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, इन्सुलिन, झोपेची गोळी, वैद्यांची चूर्णं, सगळं भूलतज्ज्ञांना दाखवायचं. मधुमेहाची डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ठरलेल्या ऑपरेशनच्या साधारण तीन दिवस आधी थांबवतात. उलट, स्टेंट बसवलेल्या माणसाने रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करणं घातक ठरू शकतं. वडील रोज संध्याकाळी दारू घेत असतील, तर संकोच न करता तेही सांगावं. भरती झाल्यावर ती अचानक सुटते आणि दोन-तीन दिवसांत माणूस थरथरू लागू शकतो, भ्रमात जाऊ शकतो.

उपाशी राहण्याचा नियमही तितकाच महत्त्वाचा. ‘घोटभर चहाने काय होतंय’ असं घरोघरी म्हटलं जातं. पण भुलीखाली पोटातलं अन्न फुप्फुसात जाऊ शकतं आणि दुधाचा चहा त्यात अन्नासारखाच मोजला जातो. हलक्या खाण्यानंतर सहसा किमान सहा तास आणि साध्या पाण्यानंतर दोन तास जावे लागतात. रुग्णालयाने दिलेली वेळ तंतोतंत पाळावी.

ऑपरेशन नीट पार पडतं, नातेवाईक सुटकेचा श्वास टाकतात आणि दुसऱ्या रात्री आई सलाइनची नळी ओढू लागते, गेलेल्या माणसांशी बोलते, लेकाला ओळखत नाही. घरच्यांना वाटतं, डोक्यावर परिणाम झाला. वैद्यकात याला डेलिरियम म्हणतात. तो अचानक येतो, दिवसभरात कमी-जास्त होतो आणि बहुधा संध्याकाळनंतर वाढतो. काही जण आरडाओरडा करत नाहीत, नुसते गप्प पडून राहतात. तेव्हा तो हमखास नजरेतून सुटतो. ‘आई एरवी अशी नसते’ हे नर्सला सांगू शकतं फक्त घरचं माणूस.

हा त्रास बऱ्याच अंशी टाळता येतो. अमेरिकेत डॉ. शॅरन इनोय यांनी येल येथे 70 वर्षांवरच्या 852 रुग्णांवर केलेला अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या देखभालीत 15 टक्के रुग्णांना डेलिरियम झाला, खास काळजी घेतलेल्यांत 9.9 टक्के. त्या काळजीत महागडं काहीच नव्हतं. चष्मा, श्रवणयंत्र, पुरेसं पाणी, चालवणं, आज कुठला वार, आपण कुठे आहोत हे सांगत राहणं, रात्री गरम दूध आणि पाठ चोळणं.

चीनमधल्या चेंगदूच्या वेस्ट चायना हॉस्पिटलने हीच पद्धत घरच्यांच्या मदतीने राबवली. 2020 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात, ऑपरेशन झालेल्या सत्तरीपुढच्या रुग्णांपैकी नेहमीच्या देखभालीतल्या 129 पैकी 25 जणांना डेलिरियम झाला. घरचे सोबत राबत होते त्या गटात 152 पैकी फक्त 4 जणांना.

म्हणून रुग्णालयाची पिशवी भरताना चष्मा, कवळी, श्रवणयंत्राचे सेल आणि मनगटी घड्याळ आठवणीने ठेवा. डॉक्टर हो म्हणाले की आईला खुर्चीत बसवा, दोन पावलं चालवा. दिवसा पडदे उघडे ठेवा, भेटायला येणाऱ्यांची रात्रीची गर्दी टाळा. आई झोपत नाही म्हणून घरातली झोपेची गोळी आपल्या मनाने देऊ नका. उतारवयात अशा काही गोळ्यांनीच भ्रम वाढतो.

स्वतःचा निर्णय सांगता येणार नाही, अशा वेळेसाठीही तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 24 जानेवारी 2023 च्या आदेशानंतर आपली अखेरच्या उपचारांबाबतची इच्छा दोन साक्षीदारांसमोर लिहून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येते. पण त्याआधी घरात बोलणं व्हायला हवं. या दिवाळीत भावंडं एकत्र आली की आईबाबांच्या औषधांची यादी करून ठेवा आणि त्यांना काय हवं, काय नको, हे त्यांच्याच तोंडून ऐकून घ्या.